सहीनंतरचे दिवस : पेडणे-डिचोलीतील करार, ग्राहक आणि मुदत

विकत घेतलेली वस्तू सदोष निघणे, पैसे भरूनही कबूल केलेली सेवा न मिळणे, इसार देऊनही जागेचे खरेदीखत न होणे, विमा कंपनीने दावा फेटाळणे किंवा कर्जवसुलीच्या नावाखाली दारात माणसे येऊन उभी राहणे, अशा प्रसंगी सामान्य माणसासाठी कायद्याने कोणती दारे उघडी ठेवली आहेत आणि त्यांतले प्रत्येक दार किती दिवस उघडे राहते, हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे. यांपैकी पहिल्या प्रश्नावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. दुसऱ्याकडे मात्र लेखकांचे आणि वाचकांचेही लक्ष उशिराच जाते, आणि गोव्यापुरते बोलायचे तर हा दुसरा प्रश्नच पहिल्याहून अधिक घरे बुडवतो, असे या पुस्तकाचे प्रतिपादन आहे.

विवेचनाचा प्रदेश मुद्दाम लहान ठेवला आहे. उत्तर गोव्यातील पेडणे आणि डिचोली हे दोन तालुके नव्या काबिजादीत मोडतात, म्हणजे पोर्तुगिजांनी सोळाव्या शतकात घेतलेल्या तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या मुलखाबाहेरचा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांच्या ताब्यात आलेला हा भाग आहे. दोन्ही तालुक्यांच्या सीमा सिंधुदुर्ग जिल्ह्याला भिडतात, बोलणे कोकणीतून होत असले तरी वाचणे, भजन, नाटक आणि वर्तमानपत्र यांची भाषा येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी राहिली आहे. दोन्ही ठिकाणी गेल्या दीड दशकात व्यवहारांच्या रकमा माणसाच्या नेहमीच्या मापाबाहेर गेल्या. पेडण्यात त्या वाढल्या मोपा येथील विमानतळामुळे आणि मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या किनाऱ्यावरील जागांच्या भावामुळे. डिचोलीत खाणींच्या भरभराटीत घेतलेली कर्जे खाणी बंद पडल्यावर अंगावर आली. एकीकडे पैसा आला आणि दुसरीकडे आटला, परंतु दोन्हीकडे वादाचे मूळ एकच होते : सही करताना कागद वाचला गेला नव्हता आणि सही केल्यानंतरचे दिवस कोणी मोजले नव्हते.

मुदतीविषयीची ही बेफिकिरी निव्वळ आळसातून आलेली नाही. तिला कायद्याचा इतिहास आहे आणि तो जरा सविस्तर पाहिला पाहिजे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून गोव्यात लागू झाली. विवाह, वारसा, मालमत्ता, करार आणि दावा लावण्याची मुदत असे सगळेच विषय या एका ग्रंथात सामावलेले होते. हिंदूंच्या रूढींसाठी १८८० साली काही सवलती देण्यात आल्या, पण मुख्य चौकट तीच राहिली. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर १९६२ च्या प्रशासनविषयक कायद्याने जुने कायदे बदलले जाईपर्यंत चालू ठेवले, आणि त्यानंतर एकेक भारतीय कायदा येथे आणला गेला. १८७२ चा भारतीय करार कायदाही असाच आला. परिणाम असा झाला, की घरातील पती-पत्नीची मालमत्ता आणि तिचा वारसा पोर्तुगीज मुळाच्या कायद्याने चालतो, तर त्याच घराच्या अंगणात उभ्या असलेल्या ट्रकचे कर्ज ब्रिटिश हिंदुस्थानात घडलेल्या कायद्याने चालते. आणि घरातल्या माणसाला हे दोन कायदे आहेत याचा पत्ताही नसतो.

मुदतीच्या बाबतीत मात्र दीर्घकाळ संभ्रम राहिला. पोर्तुगीज संहितेच्या ५३५ व्या कलमानुसार, विशेष तरतूद नसेल तेथे, देणेकऱ्याकडे २० वर्षे मागणी झाली नाही आणि तो सद्भावनेने वागत असला तर तो बंधनातून सुटत असे. सद्भावनेचा प्रश्न बाजूला ठेवला तर हा काळ ३० वर्षांचा होता. याउलट १ जानेवारी १९६४ पासून अमलात आलेल्या भारतीय मुदत कायद्याने करारभंगाच्या आणि पैसे वसुलीच्या बहुतेक दाव्यांना ३ वर्षे दिली. या दोहोंपैकी गोव्यात कोणते खरे मानायचे, याविषयी १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने पोर्तुगीज तरतुदी ‘स्थानिक कायदा’ म्हणून टिकून असल्याचे मत दिले. पुढे २००१ साली सिंडिकेट बँकेच्या कर्जवसुलीच्या खटल्यात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि करार जर भारतीय कायद्याने चालत असेल तर त्यावरील दाव्याची मुदत परक्या संहितेने मोजता येणार नाही, या विचाराने न्यायालयाने आधीचे मत सोडून दिले. वादी बँक होती आणि जुन्या लांब मुदतीचा लाभ तिलाच हवा होता, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. कमी झालेल्या मुदतीने त्या वेळी कर्जदाराचे रक्षण केले. परंतु हेच पाते दुसऱ्या बाजूनेही कापते. ‘कागद आपल्याकडे आहे, तो कुठे जातो?’ ही जुन्या पिढीची समजूत ज्या कायद्यावर उभी होती तो कायदा गेला, समजूत मात्र घराघरांतून चालत राहिली.

म्हणून येथे मुदत कशी मोजतात ते आरंभीच स्पष्ट करणे भाग आहे. मुदत सुरू होते ती ‘दाव्याचे कारण’ घडते त्या दिवसापासून, म्हणजे ज्या दिवशी हक्काचा भंग झाला आणि दावा लावणे शक्य झाले त्या दिवसापासून. करारात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून, आणि तारीखच ठरलेली नसेल तर समोरच्याने नकार दिल्याचे कळले त्या दिवसापासून, करारपूर्तीच्या दाव्याची ३ वर्षे धावू लागतात. ग्राहक आयोगापुढे तक्रारीसाठी २ वर्षे मिळतात. उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो, पण ती कृपा आहे, हक्क नव्हे. वकिलाची नोटीस पाठवली म्हणजे मुदत थांबते, हा समज सर्वत्र आढळतो आणि तो साफ चुकीचा आहे. तोंडी दिलेल्या ‘चवथीनंतर देतो’ या आश्वासनानेही मुदत थांबत नाही. मुदत नव्याने सुरू होते ती मुदत संपण्यापूर्वी देणेकऱ्याने स्वतःच्या सहीने देणे लेखी कबूल केले तर, किंवा देण्यापोटी काही रक्कम भरली आणि त्याची नोंद त्याच्या हस्ताक्षरात अथवा सहीने राहिली तर. दोन ओळींची अशी चिठ्ठी घेण्याचा संकोच, विशेषतः नात्यागोत्यात आणि एकाच वाड्यावर राहणाऱ्यांत, फार असतो. त्या संकोचापायी गेलेली रक्कम पुढे कोणतेही न्यायालय मिळवून देऊ शकत नाही.

करार या शब्दाचा अर्थही कायद्यात बोलीतल्या अर्थाहून वेगळा आहे. एकाने ठेवलेला प्रस्ताव दुसऱ्याने स्वीकारणे, त्यात दोन्ही बाजूंनी काही देणेघेणे असणे (यालाच कायदा ‘प्रतिफल’ म्हणतो), पक्ष सज्ञान व सुजाण असणे, संमती दबाव, फसवणूक किंवा दिशाभूल यांवाचून दिलेली असणे आणि उद्देश कायदेशीर असणे, एवढे जमले की करार झाला. तो कागदावर असलाच पाहिजे असे सर्वसाधारणपणे नाही. सुताराला खिडक्यांचे काम तोंडी सांगून हातावर ठेवलेले पैसे हाही करारच. कागदाचे महत्त्व पुराव्यापुरते, आणि जमिनीसारख्या स्थावराच्या हस्तांतरासाठी मात्र मुद्रांक व नोंदणी यांच्यामुळे अनिवार्य. ‘कच्चे बिल चालेल का, कर वाचेल’ या दुकानातील प्रश्नाला होकार देताना ग्राहक थोडे पैसे वाचवतो आणि आपला एकुलता पुरावा काउंटरवरच सोडून येतो.

वाहनकर्जाच्या कराराची एक पुस्तिका जवळून पाहिली तर या साऱ्या प्रश्नाचे स्वरूप उलगडते. ती तीस-चाळीस पानांची असते, बारीक टंकात, इंग्रजीत. सही करायच्या प्रत्येक जागी पेन्सिलीने फुली केलेली असते, आणि कर्जदार फुल्यांच्या मागोमाग सह्या करत जातो. रकमेच्या, व्याजदराच्या आणि तारखेच्या जागा पुष्कळदा त्या वेळी कोऱ्याच असतात. मधल्या एका पानावर असे कलम असते, की वाद झाल्यास तो कंपनीने नेमलेल्या लवादापुढे, कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात चालेल. लवाद म्हणजे न्यायालयाबाहेर निवाडा करण्यासाठी नेमलेली व्यक्ती, आणि ते शहर मुंबई किंवा चेन्नई असू शकते. शेवटच्या पानावर आणखी एक सही असते. तिच्या वरच्या मजकुराचा आशय असा, की करारातील सर्व अटी कर्जदाराला त्याच्या मातृभाषेत समजावून सांगण्यात आल्या व त्या त्याला पूर्णपणे समजल्या. हे निवेदनही इंग्रजीतच असते. डिचोली तालुक्यातील साखळीच्या बाजारात मराठी वर्तमानपत्र अथपासून इतिपर्यंत वाचणारा माणूस, आपल्याला सारे मराठीत समजले असे न समजणाऱ्या भाषेत लिहून देतो, आणि पुढे न्यायालयात हीच सही त्याच्यापुढे धरली जाते. वाचता न आल्यामुळे करार आपोआप रद्द होत नाही. फसवून सही घेतली हे सिद्ध करण्याचा भार सही करणाऱ्यावरच येतो. त्यामुळे कराराची पूर्ण भरलेली प्रत त्याच दिवशी मागून घेणे, हा उपाय दिसायला किरकोळ असला तरी पुढच्या सर्व उपायांचा पाया आहे.

डिचोलीच्या ट्रकमालकांचे उदाहरण या पुस्तकात वारंवार येते, कारण त्यात कराराच्या कायद्याचे तीन-चार धडे एकत्र सापडतात. सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने खनिज उत्खनन थांबवले. मध्यंतरी ते मर्यादित प्रमाणात सुरू झाले, पण ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि मार्चच्या मध्यापासून काम पुन्हा ठप्प झाले. शिरगाव, मये, पिळगाव या गावांतून खनिज वाहणारे ट्रक घरांसमोर उभे राहिले, हप्ते मात्र उभे राहिले नाहीत. अशा वेळी मनात येणारा पहिला युक्तिवाद असा, की ज्या कामासाठी कर्ज घेतले ते कामच सरकारने बंद केले, तेव्हा कर्जाचा करारही संपला. करार कायद्याच्या ५६ व्या कलमात असे तत्त्व आहे खरे : करारानंतर त्याची पूर्तता अशक्य किंवा बेकायदा झाली तर करार निरर्थक ठरतो. परंतु हे तत्त्व खाणकंपनी आणि ट्रकमालक यांच्यातील वाहतुकीच्या कराराला लागू पडू शकते, कर्जाच्या कराराला नाही. कर्ज फेडणे कठीण झाले तरी ते अशक्य झाले असे कायदा मानत नाही. राज्य सरकारला खाणग्रस्त कर्जदारांसाठी वेगळी साह्य योजना आणावी लागली, यावरूनच न्यायालयीन मार्गाने हा भार उतरण्याजोगा नव्हता हे दिसते.

याचा अर्थ असा नव्हे की कर्जदार सर्वस्वी उघडा आहे. हप्ते थकले तरी बळजबरीने, दांडगट माणसे पाठवून वाहन उचलून नेण्याची मुभा कोणालाही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कठोर शब्दांत बजावले. वादात हितसंबंध असलेल्या पक्षाने एकतर्फी लवाद नेमणे वैध नाही, हे २०१९ पासून स्पष्ट झाले आहे. त्यामुळे दूरच्या शहरातून आलेला निवाडा पाहून हातपाय गाळण्याचे कारण नाही, मात्र त्याला आव्हान देण्यासाठी ३ महिने आणि फार तर आणखी ३० दिवस एवढाच अवधी आहे. आणि ट्रकमालक हा ‘ग्राहक’ ठरतो का, या प्रश्नाचे उत्तर बहुतेकांना वाटते त्याहून अनुकूल आहे. व्यापारी हेतूने घेतलेली वस्तू ग्राहक कायद्याच्या कक्षेबाहेर जाते, पण स्वयंरोजगारातून केवळ उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली वस्तू जात नाही. आणि १९९५ सालच्या एका निकालात हा भेद समजावताना सर्वोच्च न्यायालयाने उदाहरण घेतले ते स्वतः ट्रक चालवून पोट भरणाऱ्या माणसाचेच. एक ट्रक स्वतः किंवा घरच्यांच्या मदतीने चालवणारा ग्राहक. पाच ट्रकांवर पगारी चालक ठेवणारा उद्योजक. त्यांच्या मधली दोन ट्रकांची, एका चालकाची जी मोठी वस्ती आहे तिचे काय, हे प्रत्येक प्रकरणाच्या पुराव्यावर ठरते.

पेडण्यातील प्रश्न जमिनीचा आहे. मोपा येथील या मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुटू लागली, पण जागांचे व्यवहार त्याच्या कितीतरी आधीपासून धावत होते. या व्यवहारांत दोन प्रकारचे सामान्य लोक अडकतात : वडिलोपार्जित जागा विकणारा स्थानिक, आणि निवृत्तीच्या पैशांतून सदनिका घेणारा, बहुधा बाहेरून आलेला ग्राहक. दोघांनाही गोव्याच्या एका वैशिष्ट्याची ठेच लागते. पोर्तुगीज संहितेच्या परंपरेनुसार विवाहानंतर, वेगळा करार केलेला नसल्यास, पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते आणि स्थावराच्या विक्रीला दोघांचीही संमती लागते. २२ सप्टेंबर २०१६ पासून अमलात आलेल्या गोव्याच्या उत्तराधिकारविषयक कायद्यानेही ही चौकट राखली आहे. पत्रादेवीचा नाका ओलांडून बांदा-सावंतवाडीत गेले की हा नियम नाही. त्यामुळे महाराष्ट्रातल्या सवयीने एकट्या नवऱ्याच्या सहीचे साठेखत (म्हणजे पुढे खरेदीखत करून देण्याचा करार) घेऊन बसलेला खरेदीदार दावा लावतो तेव्हा त्याची बाजू पहिल्याच पायरीवर लंगडी पडते. एक-चौदाचा (म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा) उतारा पाहिला म्हणजे मालकी पाहिली, हाही असाच समज. त्या उताऱ्यातील नोंद हा एक पुरावा आहे, इतर हक्कांच्या रकान्यात कुळाचे नाव असेल तर गोष्ट आणखी गुंतते, आणि निव्वळ मुखत्यारपत्रावर झालेल्या विक्रीने मालकी बदलत नाही हे तर सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगून ठेवले आहे.

सदनिकेच्या ग्राहकासाठी २०१६ चा स्थावर संपदा कायदा, लोकांच्या तोंडी ‘रेरा’, हे बळकट हत्यार आहे. नोंदणीकृत कराराखेरीज विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ताबा वेळेवर न दिल्यास ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो, किंवा प्रकल्पात राहून विलंबाचे व्याज घेऊ शकतो. बांधकामातील मूलभूत दोष ताब्यानंतर ५ वर्षांत निदर्शनास आणले तर ते विनामूल्य दुरुस्त करून देणे विकासकावर बंधनकारक आहे. परंतु ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला नोंदणी सक्तीची नाही, आणि किनाऱ्यावरील गावांत भाटाचा तुकडा घेऊन चार-सहा सदनिका उभारण्याची रीत पाहता ही पळवाट पेडण्यात चांगलीच रुंद आहे. तेथे ग्राहक आयोगाचे दार उपयोगी पडते. रेरा कायदा असला तरी ग्राहक आयोगात जाता येते, हे २०२० मध्ये निश्चित झाले; पूर्णपणे विकासकाच्या बाजूने झुकलेली करारातील कलमे ग्राहकावर लादता येत नाहीत, हे त्याआधी २०१९ मध्ये; आणि वास्तव्य दाखला मिळवून न देणे ही चालू राहणारी चूक आहे, म्हणून तिच्यावरील तक्रार मुदतबाह्य होत नाही, हे जानेवारी २०२२ मध्ये मुंबईच्या एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात. मोकळ्या भूखंडाची गोष्ट मात्र निराळी. रस्ता, पाणी, वीज देण्याचे कबूल करून विकलेला भूखंड ही ‘सेवा’ ठरते. नुसता जमिनीचा तुकडा विकला असेल तर ती साधी विक्री, आणि तिचा वाद दिवाणी न्यायालयातच न्यावा लागतो. चुकीच्या दारात दोन वर्षे घालवून बरोबर दाराशी येणाऱ्याला तो काळ वजा करून मिळावा अशी सोय मुदत कायद्यात आहे, परंतु त्यासाठी त्याने सद्भावनेने आणि तत्परतेने लढल्याचे दाखवावे लागते.

ग्राहक आयोगाविषयी एवढे सांगून पुढे जाता येईल, की २० जुलै २०२० पासून अमलात आलेल्या २०१९ च्या कायद्याने सर्वांत मोठा बदल केला तो अंतराचा. १९८६ च्या कायद्यात तक्रार विक्रेत्याच्या ठिकाणी किंवा जेथे व्यवहार घडला तेथे करावी लागे. म्हणजे पेडण्याच्या शेतकऱ्याने कुडाळच्या दुकानातून घेतलेला पंप बिघडला तर त्याला ओरोसची वाट धरणे भाग होते. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे या दोन तालुक्यांच्या बाबतीत पर्वरीला, तक्रार करता येते. मोबदला म्हणून दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, त्यापुढे २ कोटींपर्यंत राज्य आयोग. आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कच नाही. वकील देण्याची सक्ती नाही, तक्रार ऑनलाइन भरता येते, दूरदृश्य पद्धतीने सुनावणी मागता येते. विरुद्ध पक्षाला आपली कैफियत, म्हणजे लेखी उत्तर, ३० दिवसांत आणि फार तर आणखी १५ दिवसांत द्यावी लागते. त्यानंतर एक दिवसही वाढवून देता येत नाही, हे घटनापीठाने २०२० मध्ये पक्के केले. तक्रारीचा निकाल ३ महिन्यांत, आणि वस्तूची तपासणी लागत असेल तर ५ महिन्यांत, लावण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. ‘प्रयत्न’ हा शब्द तेथे फार काम करतो. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहकाला आयोगाकडे जाण्यापासून रोखता येत नाही. मात्र करारच अनुचित आहे, त्यातील अनामत किंवा दंड अवाजवी आहे, अशी तक्रार असेल तर ती जिल्हा आयोगापुढे चालत नाही; तिच्यासाठी राज्य आयोगाकडेच जावे लागते, आणि ही मेख पुष्कळ वकिलांच्याही ध्यानात उशिरा येते.

बाकीच्या मार्गांची ओळख पुढील प्रकरणांत होईलच. बँकेविरुद्ध रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आणि विम्यासाठी विमा लोकपाल विनाशुल्क आहेत, पण आधी त्या संस्थेकडे लेखी तक्रार करून उत्तराची वाट पाहावी लागते. वीज, पाणी, टपाल, वाहतूक, रुग्णालय, विमा अशा सार्वजनिक सेवांसाठी स्थायी लोकन्यायालयाची तरतूद आहे, आणि तेथे तडजोड न झाल्यास निर्णयही देता येतो. साध्या लोकन्यायालयात मात्र दोन्ही पक्षांची संमती असल्याशिवाय काही होत नाही, आणि एकदा झालेल्या तडजोडीवर अपील नाही. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना, दिव्यांगांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो. आपल्याच तालुक्यातील विधी सेवा समितीकडे एक अर्ज दिला की पुरे, तरीही नवऱ्याच्या पश्चात कर्जाच्या नोटिशीने हबकलेली बाई तेथे न जाता प्रथम सोने गहाण टाकायला जाते. धनादेश न वटल्यास बँकेचा शेरा मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, त्यानंतर पैसे भरायला १५ दिवस आणि त्यापुढे एका महिन्यात फौजदारी तक्रार, हे गणित एका दिवसानेही चुकवू नये. पोलीस ठाण्याविषयी येथे इतकेच नोंदवणे पुरेसे आहे, की पैसे वसूल करून देणे हे त्याचे काम नाही, आणि प्रत्येक करारभंग म्हणजे फसवणुकीचा गुन्हा नव्हे.

राहिला प्रश्न निकालानंतरचा. दिवाणी न्यायालयाच्या निकालाला हुकूमनामा म्हणतात, आणि तो अमलात आणण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो, त्याला न्यायालयीन मराठीत दरखास्त असा शब्द आहे. ग्राहक आयोगाचा आदेशही हुकूमनाम्यासारखाच बजावता येतो, आणि तो न पाळणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. यातही कायद्याच्या शब्दांनी ग्राहकाला छळले आहे. २००३ पासून अमलात आलेल्या दुरुस्तीत अंमलबजावणीच्या कलमातील शब्द असे बदलले गेले, की ते फक्त ‘अंतरिम’ आदेशांपुरते वाचले जाऊ लागले. नवा कायदा येईपर्यंतच्या त्या सतरा वर्षांतील अंतिम आदेश हाती असलेल्यांना त्यांची बजावणी मागताना या शब्दावर अडवले जाई, आणि ती अडचण पुण्यातील एका गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये ‘कोणताही आदेश’ असे वाचून दूर केली. दिवाणी हुकूमनाम्याच्या बजावणीसाठी मुदत कायदा १२ वर्षे देतो. करारभंगाला ३, ग्राहकाला २, धनादेशाच्या नोटिशीला ३० दिवस आणि जिंकल्यानंतर १२ वर्षे, असा हा क्रम आहे. म्हणूनच या पुस्तकाच्या परिशिष्टात पहिला तक्ता कलमांचा न देता तारखांचा दिला आहे, आणि त्याचा शेवटचा रकाना वाचकाने स्वतःच्या कागदावरील तारीख लिहिण्यासाठी कोरा ठेवला आहे.